उभ्या जागी पळणाऱ्या गाड्या

गजानन गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला घरी, गॅलरीत चहा घेत उभा होतो. फोन नंदाने, माझ्या बायकोने, उचलला. ती फोन हातात घेऊनच बाहेर आली. मग म्हणाली, "गजाननभाऊजी गेले. सकाळी वर्कशॉप उघडलं, खुर्चीवर टेकले, अन् तसेच..." छत्तीस वर्षांची मैत्री होती आमची. अशा बातमीनं माणसाला काय वाटायला हवं ते मला कळतं, आणि ते मला वाटलंही, पण थोडं उशिरा. सगळ्यात आधी मनात आलं ते हे, की आता अकोल्यात त्याच्या दाराशी केवढी गर्दी लोटेल!

तशीच लोटली. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू... तो सगळा रस्ता नंदा शेजारी बसून डोळे पुसत होती आणि मी गाडी चालवत होतो. मोक्षधामाच्या बऱ्याच अलीकडे आम्हाला गाडी बाजूला लावायला सांगितलं, कारण पुढे जागाच नव्हती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना त्याच्या हातच्या, त्यानं रंगवून सजवलेल्या गाड्या उभ्या होत्या. काळ्या छताची लाल गाडी, जमिनीलगत झुकलेल्या नाकाची निळी, पाठीवरून शेपटीपर्यंत दोन पांढरे पट्टे ओढलेली राखाडी. सगळ्या मुळात साध्या घरगुती गाड्या, शाळेत पोरं सोडणाऱ्या, बाजारातून भाजी आणणाऱ्या. पण अशा उभ्या होत्या, जणू कोणी हात खाली केला की सुसाट सुटतील. त्यांचे मालक खामगावहून, वाशीमहून, यवतमाळहून आले होते. त्यांना कोणी निरोप दिला नव्हता, एकमेकांकडून कळलं तसे ते निघाले होते. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा निदेशक, म्हणजे मास्तर, म्हणून तीस वर्षं नोकरी केली. माझ्या हाताखालून शिकून गेलेले आज जिल्ह्याजिल्ह्यांत गॅरेज चालवतात. मित्राच्या चितेसमोर उभा राहून मी विचार काय करत होतो, तर माझ्या वेळेला या शिकून गेलेल्यांतले किती येतील...

आज तीन महिने झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं आणि गजाननबद्दल वाईट लिहिण्यासारखं काही नाहीच. पण मी त्याचा जिवलग मित्र होतो एवढंच लिहून थांबलो, तर ते अर्धंच खरं होईल. मी आयुष्यभर त्याच्यावर जळत आलो. हे नंदाला माहीत होतं, मला माहीत होतं. त्याला माहीत होतं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

गजानन मूळचा तेल्हाऱ्याचा. त्याचे वडील बैलगाड्या रंगवायचे आणि पोळा आला की गावच्या बैलांची शिंगं. आम्ही दोघं एकाच वर्षी अमरावतीच्या आयटीआयमध्ये आलो. मी मोटार मेकॅनिकला, तो पेंटरच्या ट्रेडला. वसतिगृहात खोली एक. मी पुस्तकं उघडून पिस्टन आणि व्हॉल्व्हच्या आकृत्या काढत बसायचो, तो खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या पाहायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "अबे, गाडी पाहाची असन तं आतून पाय. वरून काय पाहून राहिला?" तो हसला. म्हणाला, "आमचा बाप शिंगं रंगवते नं, तवा बैल तोच असते. पन मालक त्याले येगळाच हाकते मंग. म्या डोयानं पायलं हाय." मला ते पोरकट वाटलं होतं.

शेवटच्या वर्षी संस्थेत प्रदर्शन होतं. मी भंगारातलं एक डिझेल इंजिन आणून, महिनाभर खपून, ते असं कापलं होतं की दांडा फिरवला की आतला पिस्टन वरखाली होताना, व्हॉल्व्ह उघडताना-मिटताना दिसावा. काम नेटकं झालं होतं. ते ठेवायला लोखंडी ट्रॉली होती, गंजलेली. मी गजाननला म्हटलं, तेवढी रंगवून दे. त्यानं दोन दिवस घेतले. गर्द लाल रंग, कडांना करवंदासारखी काळी रेघ आणि चाकांच्या मधोमध एकेक पिवळा ठिपका. पाहुणे म्हणून आलेले साहेब माझ्या इंजिनासमोर थांबले. मी दांडा फिरवायला लागलो, बोलायलाही लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "ही ट्रॉली कोणी केली?" माझा हात दांड्यावर तसाच राहिला. गजानन मागून ओरडला, "साहेब, ट्रॉली जाऊ द्या, इंजिन पाहा नं! एक महिना झोपला नाही थो!" साहेब हसले, त्याची पाठ थोपटली आणि पुढच्या टेबलाकडे गेले. माझ्या पोटात तेव्हा जे दुखलं, ते पहिलं.

पुढे दोन वर्षं आम्ही अकोल्यातल्या एका गॅरेजमध्ये सोबत काम केलं. मी इंजिनं खोलायचो, तो डेंटिंग-पेंटिंग करायचा. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर रंग मारता मारता त्यानं स्वतःचंच काहीतरी सुरू केलं. एखादी जुनी, बसकी हॅचबॅक आली की तो तिच्याभोवती तासभर फिरायचा. सुतळी आणि कागदी चिकटपट्टी घेऊन तिच्या अंगावर रेषा धरून पाहायचा, दूर जायचा, डोळे बारीक करायचा, परत येऊन पट्टी बोटभर वर सरकवायचा. मग फायबरचे साचे काढून पुढचा बंपर खाली उतरवायचा, बाजूंना पट्ट्या चढवायचा, मागे पंखासारखा स्पॉयलर. बॉनेटवर हवा घेणारं तोंड बसवायचा आणि त्या तोंडाला आत भोकच नसायचं. मागे सायलेन्सरच्या दोन नळ्या दिसायच्या. त्यातली धूर सोडणारी एकच असायची, दुसरी शोभेला. परदेशातल्या शर्यतीच्या गाड्यांची चित्रं त्यानं मासिकांतून कापून भिंतीवर लावली होती. त्या गाड्या त्यानं कधी प्रत्यक्ष पाहिल्या नव्हत्या. पण त्यांचा रुबाब कुठल्या रेषेत आहे, ते त्याला बरोबर कळायचं. "गाडी उभी असतानाच पयून राहिली पायजे," असं म्हणायचा.

मूर्तिजापूर रोडला त्याला स्वतःची जागा मिळाली तेव्हा तो सरळ माझ्याकडे आला. "अरविंदा, दोघं मिळून करू. तू इंजिन पाय, मी रूप पाह्यतो. आपल्यासारखी जोडी वऱ्हाडात नाही होनार."

"हे खोटं काम हाय, गजू," मी म्हटलं. "आत आठशे सीसीचं इंजिन अन् वरून शर्यतीचा थाट. लोकाइले फसवनं झालं हे."

तो दुखावला असेल, पण तसा दिसला नाही. "फसवतो कोनाले? मालकाले माहीत असते नं आत काय हाय ते. त्याले फक्त सकायी गाडीत बसताना बरं वाटाव, एवढंच." थोडं थांबून म्हणाला, "तुले नसन याचं तं नोको येऊ. पन खोटं नोको म्हनू." त्याच महिन्यात मला अमरावतीला निदेशकाची नोकरी लागली आणि मी निघून आलो. नोकरी लागली म्हणून नाही म्हटलं, असं मी लोकांना सांगत आलो. खरं कारण त्या ट्रॉलीचं होतं. त्याच्यासोबत राहिलो असतो तर जन्मभर लोक माझ्या इंजिनासमोर उभे राहून त्याच्या रंगाबद्दल विचारत राहिले असते.

त्याचं काम वाढत गेलं. त्याचं लग्न झालं, कुंदा वहिनी आल्या. अकोल्यात काही काम निघालं की मी त्यांच्याकडे जेवायला जायचो. जेवण होईपर्यंत तीन-चार माणसं तरी येऊन जायची, "गजाननभाऊ, माही गाडी कधी घेता?" म्हणत. नंदा एकदा म्हणाली, "आपली गाडी करून घ्या नं त्यांच्याकडून. इतका चांगला मित्र आहे तुमचा." मी म्हटलं, आपल्याला सोंगं नकोत. पण नंतर एकदा सिग्नलला शेजारी गजाननच्या हातची पिवळी गाडी येऊन थांबली, तेव्हा नंदा तिच्याकडे वळून वळून पाहत होती. सिग्नल हिरवा होण्याआधीच मी गाडी दामटली.

मग ते दुसरं प्रदर्शन आलं. अमरावतीत एका कॉलेजच्या मैदानावर गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. मी वर्षभर आधीपासून तयारीला लागलो. एक साधी क्रीम रंगाची जुनी गाडी घेतली आणि तिचं इंजिन पार शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलून पुन्हा बांधलं. हवा आत घेणाऱ्या वाटा घासून गुळगुळीत केल्या, पिस्टनची वजनं एकसारखी केली, ब्रेक नवे, गिअर नवे. बाहेरून मुद्दाम काहीच केलं नाही. नागपूर रस्त्यावर मोझरीच्या पुढे ती अशी पळायची की माझाच पाय आपोआप ब्रेककडे जायचा. प्रदर्शनात माझ्या शेजारची जागा नेमकी गजाननला मिळाली. त्यानं एका कापड व्यापाऱ्याची साधी सेडान आणली होती. निळी, रुंद चाकांची, पांढऱ्या पट्ट्यांची, बॉनेटवर ते खोटं तोंड असलेली. सकाळपासून तिच्याभोवती माणसांचं कडं होतं. बाप आपल्या लेकरांना तिच्यासमोर उभं करून फोटो काढत होते. माझ्या गाडीला टेकून एक माणूस आइस्क्रीम खात होता.

दुपारी मला ते सहन झालं नाही. मी त्या गर्दीत घुसलो आणि मोठ्यानं म्हणालो, "बॉनेट उघडायला सांगा याले! आत काही नाही! घरची साधी गाडी हाय ही. हे बॉनेटवरचं तोंडसुद्धा खोटं हाय, बोट घालून पाहा!"

गजाननचा चेहरा क्षणभर उतरलेला मी पाहिला. मग त्यानं शांतपणे बॉनेट उघडलं. "मास्तर खरं सांगते," तो लोकांना म्हणाला. "आत आपलं हेच हाय. साधं, घरचं. रोजच्या भाकरीसारखं. म्या फक्त ताट सजवलं." लोक हसले. टाळ्या पडल्या. आणि तेवढ्यावर तो थांबला नाही. माझ्या खांद्यावर हात टाकून ओरडला, "पन खरं इंजिन पाहाचं असन, तं हे पाहा माह्या दोस्ताची गाडी! हे खरी पयते! या, या इकडे!" त्यानं ते सगळं कडं माझ्या गाडीभोवती आणून उभं केलं. लोकांनी बॉनेटखाली डोकावलं, छान छान म्हणाले. दोन मिनिटांत एकेक करून पुन्हा त्या निळ्या गाडीकडे गेले. गजानन माझ्याकडे पाहून ओशाळल्यासारखा हसला. त्यानं मला तेव्हा तोडून बोलायला हवं होतं. मग पुढचं घडलं नसतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे.

त्याच संध्याकाळी मी घरी बसून परिवहन कार्यालयाला एक अर्ज लिहिला. अकोल्यातल्या अमुक वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या बांधणीत नियमबाह्य बदल होतात. चाकं बाहेर येतात, नोंद न करता रंग बदलला जातो, सायलेन्सर बदलले जातात. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मला नियम तोंडपाठ होते, मीच ते शिकवत होतो. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून टाइप करून घेतला आणि खाली सही केली नाही.

कार्यालयानं आपलं काम केलं. तपासणी झाली, वर्कशॉपमधल्या गाड्या थांबवल्या गेल्या, मालकांना नोटिसा गेल्या. कायद्याची भीती पसरल्यावर गिऱ्हाईक तिकडे फिरकेना. गजाननचं वर्कशॉप बंद पडलं. मला वाटलं होतं की मला बरं वाटेल. दोन-तीन दिवस वाटलंही, हे लपवत नाही...

पाच महिन्यांनी मी त्याला शोधत तेल्हाऱ्याला गेलो. तो तिथल्या एका शाळेच्या भिंतीवर अक्षरं रंगवत होता, शिडीवर उभा राहून, उन्हात. पाढे, महिने, शरीराचे अवयव. मला पाहून एवढा आनंदला की शिडीवरून पडायचाच. "मास्तर! तू इकडे कसा काय?" मी काहीतरी थाप मारली. खाली उभा राहून मी त्याचं काम पाहत होतो. त्यानं 'ज्ञ' असा काढला होता की शाळेसमोरून जाणारी एक म्हातारी कापसाचं गाठोडं खाली ठेवून पाहत उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, तसं ती म्हणालीही. आणि मी, ज्यानं त्याला या भिंतीवर आणून सोडलं होतं, तो मी त्या म्हातारीकडे पाहून पुन्हा जळलो.

चहा पिता पिता तो म्हणाला, "कोनीतरी तक्रार केली रे. जाऊ दे. नियमात बसत नव्हतं हे खरं हाय. मले नियम कोठी समजते? तू समजावून देशीन काय? काय चालते अन् काय नाही, ते एकडाव मले सांग. तेवढ्यातच करीन मंग." मी हो म्हटलं. चार रविवार मी नियमांचं पुस्तक घेऊन त्याच्यासमोर बसलो. बांधणीला हात लावायचा नाही, चाकं ठरल्या मापाची, रंग बदलला तर नोंद, आवाज वाढवायचा नाही. तो वहीत चित्रं काढून लिहून घ्यायचा. शेवटच्या रविवारी वही मिटून म्हणाला, "म्हंजे रेघ मारता येते नं? बस झालं."

आणि खरंच तेवढ्यावर त्यानं सगळं पुन्हा उभं केलं. आता त्याच्या कामात खोटी तोंडं नव्हती, जास्तीच्या नळ्या नव्हत्या. मूळ रंगातच एखादी रेघ, आरशांच्या टोप्या, चाकांचा घाट, आतल्या सीटची शिवण, एवढ्यानं तो घरगुती गाडीला असं काही करायचा की माणसं चालता चालता थांबायची. त्याचं आधीचं काम भडक होतं. हे पाहताना मला, मला सुद्धा, नजर काढता येत नसे. वर भेटेल त्याला सांगायचा, "अमरावतीच्या मास्तरनं रस्ता दाखवला, नाहीतर मी खपलो होतो." लोक माझ्याकडे आदरानं पाहायचे. त्याच्या कौतुकातला हा वाटा मला मिळाला, आणि तो मी घेतला. सांगायची संधी कितीदा आली. एकदा बाळापूरहून परत येताना आम्ही दोघंच होतो, तो गाडी चालवत होता, मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्यानं रस्त्याकडेच्या पळसाकडे बोट दाखवून म्हटलं, "पाय, हा रंग कोन्या डब्यात भेटत नाही." मी हो म्हटलं, आणि ते राहिलं ते राहिलंच.

तेराव्याला जेवणं आटोपल्यावर कुंदा वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, वर्कशॉपच्या मांगच्या खोलीत एक वस्तू हाय. तिचं काय कराव ते मले समजत नाही. तुमी पाहून घ्या." त्या खोलीत मी कधी गेलो नव्हतो. रंगाचे डबे ठेवायची खोली, एवढंच मला माहीत होतं. त्यांनी कुलूप काढलं. आत लोखंडी घोडीवर, जुन्या चादरीखाली, एक इंजिन होतं. तीन सिलिंडरचं, जुन्या आठशेचं. शेजारी बॅटरी, पेट्रोलची लहानशी टाकी, पान्यांचा नवाकोरा संच.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

"त्याइचंच. भंगारातून आनलं होतं. झाले असतीन सात-आठ वर्षं. गिऱ्हाईक नसलं का येथीच बसत. खोलत अन् जोडत, खोलत अन् जोडत."

"चालू झालं?"

"नाही नं, कधीच नाही."

"मग मला का नाही विचारलं? मी आलो असतो."

"विचारलं होतं एकडाव, फोनवर." वहिनी चादरीची घडी करत होत्या. "तुमी म्हनले, ज्याचं काम हाय त्याले दे. मंग नाही विचारलं त्याइनं. म्हनत, मास्तर हासन मले."

मला तो फोन आठवला. इंजिन जुळवलं आणि सुरूच झालं नाही तर आधी काय पाहावं, असं त्यानं विचारलं होतं. मला वाटलं, कोणा गिऱ्हाइकाचं असेल. आता हा इंजिनातही हात घालतो की काय, म्हणून मी तोडून बोललो होतो...

मी पाने घेऊन तिथेच बसलो. बाहेरून त्यानं काहीच केलेलं नव्हतं. ओतीव लोखंड होतं तसंच, डागाळलेलं. मला नवल वाटलं. मग वरचं झाकण काढलं आणि हात थांबला. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यानं रंग दिला होता. हलका, दुधासारखा, कोपऱ्याकोपऱ्यात बारीक कुंचला फिरवून, काठ सुरीनं कापावा तसा राखून. खालचं तेलाचं भांडं उतरवलं. तेही आतून तसंच. जिथे काळं तेल भरायचं, जिथे झाकण लागल्यावर कुणाचीही नजर जाणार नाही, तिथे. मग टायमिंग बेल्टवरचं झाकण काढलं आणि इंजिन सात-आठ वर्षं का सुरू झालं नाही ते समजलं. बेल्टच्या पुलीवर एक खाच असते, तिच्यावरून पट्टा कुठे जुळवायचा ते कळतं आणि ते चुकलं तर इंजिन सुरू होत नाही. त्यानं पुलीही रंगवली होती, इतक्या सफाईनं, की ती खाच रंगानं भरून सपाट झाली होती. बिचारा अंदाजानं पट्टा जुळवत राहिला.

मी त्या पुलीवरून बोट फिरवत राहिलो, तेव्हा वहिनींनी विचारलं, "काय झालं?" मी मान वर न करता म्हणालो, "वहिनी, ती तक्रार मी केली होती."

घडी केलेली चादर त्यांनी छातीशी धरली होती. "त्या वक्ती मी लोकाइच्या घरी पोया लाटल्या, भाऊजी," त्या म्हणाल्या.

"हो."

"मंग आता मले कावून सांगता? ज्याले सांगाचं, त्याले तं सांगतलं नाही."

"त्याला माहीत होतं का?"

"मले माहीत नाही." त्या दारापर्यंत गेल्या, तिथून वळल्या. "हे मशीन सुरू करून द्या. एकडाव. बाकी मले तुमचं काही आयकाचं नाही."

पुढचे तीन रविवार मी अकोल्याला गेलो. टाचणीच्या टोकानं पुलीवरची खाच मोकळी केली, रंगाला आजूबाजूला ओरखडा जाऊ न देता. इंजिन तापलं की तेल आतला रंग सोलून काढेल, हे मला दिसत होतं. ते धड चालवायचं तर आधी सगळा रंग खरवडायला हवा. मी खरवडला नाही. पट्टा जुळवला, ताजं तेल भरलं, खोलीचं दार सताड उघडलं आणि वहिनींना बोलावलं. तिसऱ्यांदा चावी फिरवली तेव्हा ते सुरू झालं. खोली हादरली, डबे वाजले. वहिनींनी लोखंडी घोडीवर हात ठेवला आणि ठेवलेलाच राहू दिला. मिनिटभरही झालं नसेल. "बस. करा बंद," त्या म्हणाल्या. मी तेल काढून फडक्यातून गाळून पाहिलं. रंगाचा एकही कण आला नव्हता.

आता तिथे माझं काही काम उरलेलं नाही. तरी जातो. वहिनी चावी देतात, बोलत फारशा नाहीत. वर्कशॉपच्या मागे नळ आहे, तिथे साबणाची वडी असते. मी कोपरापर्यंत हात धुतो, नखं घासतो, धोतराच्या जुन्या फडक्याला पुसतो. मग खोलीत जाऊन झाकण काढतो आणि आतला तो दुधी रंग पाहत बसतो. इंजिनं उघडण्यात माझा जन्म गेला, पण एकाही इंजिनाला मी असा हात लावलेला नाही. हे आठवलं की अजूनही पोटात दुखतं, अगदी पहिल्यासारखं. झाकण लावताना बोटाचा डाग उमटला नाही ना, ते उजेडात धरून पाहतो.